पहिल्या उड्डाणाचा फोन

आमच्या भावोजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, स्वतः कुणाला फोन करायचा म्हटलं की अंगावर काटा यायचा. शालिनीअक्का गेल्यापासूनचं हे. काही सांगायचं असलं की हा माणूस हुबळीतल्या उणकलहून बस धरून धारवाडला माझ्या दारात हजर. सिलिंडर संपला, घरपट्टी भरली, पाठ धरली, सगळं समक्ष. मी पडले शाळेतली बाई, जीभ तिखट. "अहो, एवढ्यासाठी बस कशाला? घरातला फोन काय पूजेला ठेवलाय?" असं मी म्हणायची. ते चप्पल काढता काढता कसनुसं हसायचे आणि पाणी मागायचे. त्यांना फोन का नकोसा झाला ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी बोलायचीच.

भावोजींचं नाव बाळकृष्ण. तारिहाळच्या एका लहानशा वर्कशॉपात ते सव्वीस वर्षं लेथवर उभे. केसाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक बोटाला कळतो अशी त्यांची ख्याती. घरात मात्र आमटीत मीठ नसलं तरी पत्ता लागायचा नाही. नव्व्याण्णव साली वर्कशॉपकडे एक वेगळंच काम आलं. बेंगळूरला एक नवं प्रवासी विमान तयार होत होतं. त्याची चाकं उड्डाणानंतर दुमडून पोटात जातात, त्या सांध्यातली बोटाएवढी पोलादी पिन करायची होती. दीड वर्ष भावोजींनी दुसरं काही केलं नाही. शंभरावर पिना केल्या, तपासणीत अकरा पास झाल्या.

पिन उघडी ठेवली तर गंजेल, साध्या फडक्यात गुंडाळली तर दोरा चिकटेल. मग अक्कानं आपल्या जुन्या सुती साड्या फाडून रुमाल केले, चारी बाजूंनी बारीक टीप घातली. "विमानाला माझी साडी नेसवून पाठवतेय," म्हणायची. तिला मूलबाळ नव्हतं. पास झालेल्या पिनांची पेटी न्यायला माणूस आला त्या दिवशी ती वर्कशॉपच्या दारात डोळे पुसत उभी होती, हे मी पाहिलंय.

दोन हजार एकच्या सुरुवातीला तिच्या पोटात गाठ निघाली आणि ऑगस्टमध्ये तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. नेमकं तेव्हाच पहिल्या चाचणी उड्डाणाचं आमंत्रण आलं. मालकांबरोबर एका कारागिराला जागा होती. भावोजी नको म्हणाले. अक्का भडकली.

"जायलाच पाहिजे तुम्ही. मी काय दोन दिवसांत पळून जातेय काय? चाकं पोटात गेली की तिथनंच फोन करा. मला तेवढं ऐकायचंय बघा."

"होय की, लगेच करतो," भावोजी म्हणाले. तपासणीत नापास झालेली एक पिन त्यांनी रुमालात गुंडाळून तिच्या उशाशी ठेवली आणि ते स्टेशनवर गेले.

उड्डाण सकाळी साडेआठला होतं. वॉर्डातला फोन नर्सच्या टेबलावर, अक्काच्या खाटेपासून आठ पावलांवर. मी रजा काढून तिच्याजवळ बसले होते. नऊला फोन वाजला, दुसऱ्याच कुणाचा. साडेनऊला वाजला, औषधवाल्याचा. दर वेळी अक्का मान उचलायची आणि भागीरथी नावाची नर्स तिथूनच हात हलवायची, "निम्मदल्ला, अक्का." तुमचा नाही.

दहाच्या सुमारास अक्कानं विचारलं, "वैशाली, फोन आला काय गं?"

"नाही आला."

अकराला परत. "पिन अडकली असेल काय? विमान पडलं नाही ना गं?"

"मला काय ठाऊक! तुझ्या नवऱ्यालाच विचार, आला की."

राग आला होता मला भावोजींचा, तो मी तिच्यावर काढला. बाराला तिनं काही विचारलं नाही. पिन मुठीत धरून भिंतीकडे तोंड केलं. दुपारी साडेतीनला ती गेली.

पावणेचारला फोन वाजला. भागीरथीनं रिसीव्हर माझ्या हातात दिला. भावोजींना धाप लागली होती.

"वैशाली, तिला सांग, पिन चांगली आहे! पहिल्या वेळी चाकं मुद्दामच खाली ठेवतात म्हणे. वर घेतच नाहीत. माझं काही चुकलेलं नाही, सांग तिला!"

"उशीर केलात, भावोजी," मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

तिथं काय घडलं ते मला नंतर मालकांनी सांगितलं. विमान उठलं, टाळ्या पडल्या, पण चाकं तशीच खाली राहिली. ती तशीच राहायची होती हे तिथं सगळ्यांना माहीत होतं, हुबळीच्या या एका माणसाला सोडून. भावोजींना वाटलं, आपली पिन अडकली. विमान सुखरूप उतरलं, लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. हे मात्र टेलिफोन बूथसमोरच्या बाकावर जाऊन बसले, अक्काला काय तोंड दाखवू म्हणत. कुणाला विचारायची हिंमत नाही. पिना तपासायला तारिहाळला येणाऱ्या पद्मनाभ नावाच्या इंजिनिअरला ते दुपारी उशिरा दिसले, तेव्हा कुठे खरं कळलं.

पुढच्या एप्रिलमध्ये एका उड्डाणात चाकं वर गेली. वर्कशॉपात निरोप आला आणि भावोजी तडक माझ्याकडे. धारवाडात येऊन धारवाडचेच पेढे घेऊन आले होते. मी एक पेढा अक्काच्या फोटोपुढे ठेवला. भावोजींनी उपरण्यानं फोटोची काच पुसली.

"एक विचारू काय गं? त्या दिवशी ती वाट बघत होती काय, फोनची?"

खोटं बोलणाऱ्या पोरांना मी शाळेत तासभर बाकावर उभं करते.

"नाही भावोजी," मी म्हणाले. "दहालाच मी तिला सांगून टाकलं होतं. फोन आला म्हणून. चाकं वर गेली म्हणून."

"सांगितलंस? मग काय म्हणाली?"

इथवरचा विचार मी केला नव्हता. "हसली. म्हणाली, माझी साडी कामाला आली."

भावोजी तोंडावर उपरणं धरून हमसाहमशी रडले. "बरं केलंस," एवढंच परत परत म्हणत होते. "लई बरं केलंस बघ."

पुढच्या रविवारी माझ्या घरचा फोन वाजला. भावोजी होते. काही काम नव्हतं, नुसताच केला, म्हणाले. आता दर रविवारी करतात, अगदी वेळेवर. घंटा वाजली की मला अक्काची उचललेली मान दिसते आणि उचलायला माझा हात पुढे होत नाही. ते खोटं तिला सांगायला मला जागचं उठावंसुद्धा लागलं नसतं. मी तिच्या उशाशीच तर बसले होते.