कामाला निघालेली सून

समोरच्याच्या टेबलावर दोन्ही तळहात टेकवून ती उभी राहायची आणि विचारायची, "काम हाय का? हाव का न्हाई, सांग." नमस्कार नाही, रामराम नाही, बसू का म्हणून विचारणं नाही. माझ्या होस्टेलच्या ऑफिसात ती पहिल्यांदा अशी उभी राहिली तेव्हा मी मेससाठी मेथी निवडत होते. जुडी हातात तशीच राहिली.

मला ती आवडली नाही. पुढंही फारशी आवडली असं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुम्ही म्हणायला नको की काकू उगीच गोड बोलून राहिल्या.

लातूरला कधी आला असाल तर आमचा भाग तुम्ही पाहिला असेल. क्लासेसच्या मागच्या गल्ल्या, त्यात घरं कमी आणि होस्टेलं जास्त. उदगीर, अहमदपूर, देगलूर, कुठून कुठून पोरी डॉक्टर व्हायला इथं येतात. माझ्याकडं खाली मेस आणि वर खोल्या. नवरा गेल्यावर हे मी एकटीनं उभं केलं आणि तोंडाच्या जोरावर चालवलं. त्यामुळं माझ्यासमोर दुसऱ्या कुणाचं तोंड चाललेलं मला खपत नाही.

ती मागच्या गल्लीतली सून. त्या घरचा मुलगा डॉक्टर व्हायला किरगिझस्तानला गेला होता. येताना पदवी घेऊन आला आणि बायकोही घेऊन आला. बाहेरून शिकून आलेल्यांना इथं एक परीक्षा द्यावी लागते, ती पास झाल्याशिवाय कुणाला साधी सुई टोचता येत नाही. त्या परीक्षेत तो दर वेळी नापास व्हायचा. सकाळी अभ्यासिकेत जायचा आणि संध्याकाळी खाली मान घालून परत यायचा. गल्लीत कुणी हाक मारली तरी वर बघायचा नाही.

सासूनं मात्र आधीच सगळीकडं सांगून ठेवलं होतं, "आमची सून फॉरेनची हाय. डॉक्टरीण हाय." स्वागत समारंभाच्या पत्रिकेवर सुनेच्या नावाआधी 'डॉ.' छापलं होतं. आम्ही बायका सोनेरी केसांची मडम बघायला नटूनथटून गेलो. स्टेजवर बघतो तर गोल चेहऱ्याची, बारीक डोळ्यांची, काळ्याभोर केसांची पोरगी, पैठणीत घामाघूम झालेली. माझ्या शेजारची म्हणाली, "अगं बाई, ही तर नेपाळीण." झालं. गल्लीनं तिचं बारसं तिथंच उरकलं. दुकानदार तिला नेपाळीण म्हणायचे आणि रस्त्यावरची पोरं 'चायनीज, चायनीज' ओरडायची. ती ऐकून पुढं जाणाऱ्यातली नव्हती. ओरडणाऱ्याच्या मागं थेट त्याच्या घरी जायची आणि त्याच्या आईला सांगायची, "तुझा पोरगा असं बोलतो. त्याला शिकव." मग ती आई आमच्याकडं येऊन या बाईच्या नावानं बोटं मोडायची.

मराठी ती सासूकडून शिकली. सासू तिला 'तू' म्हणायची, म्हणून ती साऱ्या जगाला 'तू' म्हणायची. बँकेच्या साहेबाला तू, फौजदाराला तू, तिच्या आईच्या वयाच्या मला तू. मी एकदा समजावून सांगितलं की मोठ्यांना 'तुम्ही' म्हणावं. तिनं विचारलं, "सासू मला म्हणती का?" मी म्हटलं, तू लहान. तर म्हणते, "मग लहान माणूस कुठून शिकणार?"

परवानगीचे सगळे कागद झाल्यावर ती काम शोधायला निघाली. का, तेही तिनं माझ्यासमोर उभ्या उभ्याच सांगितलं. "नवरा पुस्तक बघतो. सासू टीव्ही बघती. मी काय बघू? काम मिळालं तर ऱ्हाते. न्हाई मिळालं तर दिवाळीला आईकडं जाते. परत येत न्हाई." हे तिनं मला एकटीला नाही, मेडिकलवाल्यालाही सांगितलं, शिलाईवालीलाही सांगितलं. त्या घरातला संसार एका नोकरीवर टांगलेला आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

आता आपली पद्धत तुम्हाला माहीत आहे. तोंडावर नाही म्हणणं आपल्याकडं बसत नाही. आपण म्हणतो, 'बघू', 'कळवते', 'चहा तर घ्या'. समोरचा समजून घेतो आणि चहा पिऊन जातो. ही समजून घेणारी नव्हती. मी म्हटलं, "बघते हं, कळवते." दुसऱ्या दिवशी हजर. "बघितलं का?" म्हटलं, अजून नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तळहात टेबलावर. "तू कळवलं न्हाई." चहा पुढं केला तर म्हणायची, "चहा घरी हाय. काम न्हाई." सगळ्या गल्लीशी तिचं हेच चाललं होतं. लोक तिला लांबून येताना बघून शटर खाली ओढायला लागले.

काम देणारे दोघं भेटले. एक चायनीजच्या गाड्यावाला. तो म्हणाला, "काही करायचं न्हाई, नुसतं गाड्याजवळ उभं ऱ्हायचं. गिऱ्हाईक खेचत येईल." तिनं त्याच्या कढईत वाकून बघितलं आणि म्हणाली, "तुझं तेल घाण हाय." दुसरा एक दवाखानेवाला. त्याला नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाच्या फोटोत पांढरा कोट घातलेली फॉरेनची डॉक्टरीण पाहिजे होती. तिनं चार लोकांसमोर सांगितलं, "मी डॉक्टर न्हाई. कोट खोटा हाय."

शेवटी मीही वैतागले. एक दिवस तिनं तोंड उघडायच्या आधीच म्हटलं, "न्हाई. काम न्हाई." तिनं तळहात उचलले, मान हलवली आणि म्हणाली, "हां. आता बरं." आणि निघून गेली. जन्मात पहिल्यांदा मी कुणाला तोंडावर नाही म्हटलं होतं आणि ती खूश होऊन गेली. चिडायचं होतं तिनं, चिडून बसले मी.

दुसऱ्याच दिवशी तिची सासू आली. आमची भिशी एकत्र, त्यामुळं येणंजाणं होतं. डब्यात बेसनाचे लाडू घेऊन आली होती.

"वैनी, एक सांगायचं होतं. आमची ती तुमच्याकडं काम मागायला येती म्हणं. देऊ नका. मी सगळ्यांना सांगून आले."

"का हो?"

"तिकडं तिच्या देशात ती पोरांच्या होस्टेलात होती. खोल्या झाडून घ्यायच्या, चादरी मोजायच्या, असलं काम. मी पाव्हण्यारावळ्यांत डॉक्टरीण म्हणून सांगितलंय. त्या दवाखानेवाल्याकडं काय बोलून आली ते कानावर आलं असंल तुमच्या. आता इथं कुणाच्या होस्टेलात चादरी मोजताना दिसली तर मी तोंड कुठं दाखवू?"

"आन् काम मिळालं न्हाई तर ती जाईल म्हणते."

"जाऊ द्या की. माझ्या लेकाचं दुसरं बघता येईल."

मी लाडू परत केला नाही, खाल्ला. चांगला झाला होता. पण खाता खाता माझं डोकं तापत गेलं. त्या पोरीचा मला राग होताच. पण लाडवाचा डबा घेऊन दारोदार फिरून दुसरीच्या पोटावर पाय देणारीचा राग त्याहून मोठा निघाला. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडं काम होतं. माझी आधीची रेक्टर लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, ती तिकडचीच झाली होती.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि सासूच्या देखत सुनेला विचारलं, "रेक्टर पाहिजे. येतीस का?"

"काल तू न्हाई म्हणली."

"काल न्हाई होतं. आज हाय."

"का?"

"तुला काम पाहिजे का कारण पाहिजे?"

तिनं खरोखर थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, "काम."

तेव्हा हे लक्षात ठेवा, की मी तिला काम दिलं ते दयेनं नाही, रागानं. सासूनं त्या दिवसापासून भिशी सोडली.

आणि माझ्यामागं साडेसाती लागली. कामावर आल्या आल्या सुनेनं सगळ्या गाद्या उन्हात टाकल्या आणि पोरींना ढेकूण दाखवून विचारलं, "हा कुणाचा?" कुणाचा भाऊ आला, मामा आला तरी दारातच उभा. चाकूरचे एक पुढारी लेकीला लग्नाला न्यायला आले. परीक्षा तोंडावर आलेली. हिनं आडवा हात धरला. ते म्हणाले, "बाई, आम्ही कोण हाव, माहीत हाय का?" तिनं अगदी मनापासून विचारलं, "न्हाई. तू कोण?" पुढारी मला फोन करून अर्धा तास बोलले. मी 'बघते, बघते' म्हणत राहिले आणि ही समोर बसून माझ्याकडं डोळे वटारून बघत राहिली.

पण माझं डोकं फिरायचं ते मेसवरून. भर पंगतीत, पोरींच्या देखत तिनं वरणाचा डाव वर उचलून धरला आणि धार सोडून दाखवली. "हे पाणी हाय. पोरी अभ्यास करून राहिल्या. डाळ घाल." पोरी खाली बघून हसायला लागल्या. मी रोज तिला काढून टाकायचं ठरवायचे. रोज आमचं वाजायचं. मी म्हणायचे, हे माझं होस्टेल आहे. ती म्हणायची, "हाव. पोटं पोरींची हायत." वरणात डाळ वाढली, ते केवळ तिचं तोंड बंद व्हावं म्हणून. बंद झालं नाही. मग भाकरी जाड निघाली.

मग निकालाचा दिवस आला. आमच्या गल्लीत त्या दिवशी एका घरात पेढे असतात आणि शेजारच्या घरात चूल पेटत नाही. वरच्या खोलीतली एक पोरगी, दुसऱ्यांदा बसलेली, पुन्हा राहिली. दार आतून लावून घेतलं. आम्ही बाहेरून समजावायला लागलो. "अगं बाळ, परीक्षा म्हणजे काय सगळं आयुष्य हाय का?" आतून ती ओरडली, "जावा तुम्ही सगळे." असल्या दिवशी बंद दाराची किती भीती वाटते ते होस्टेल चालवणाऱ्यालाच कळतं.

ही ताट घेऊन वर आली. आम्हाला सगळ्यांना जिन्यापर्यंत मागं सारलं आणि दाराला पाठ लावून खाली फरशीवर बसली. मग एकदा दारावर बोटानं वाजवलं.

"ए. माझा नवरा चार वेळा नापास. जिवंत हाय. काल दोन वाट्या आमरस खाल्ला. दार उघड, जेव."

मग कडी वाजली. पोरगी हसत होती की रडत होती ते मला जिन्यातून कळलं नाही. मला दिसलं ते एवढंच की हिनं ताट आत सरकवलं आणि पोरीशेजारी जाऊन बसली. पोरगी जेवून झोपल्यावर ती खाली आली आणि मला म्हणाली, "भाजीत मीठ जास्त हाय." त्या दिवशी मला तिला पोटाशी धरावंसं वाटलं. धरलं नाही. धरलं असतं तर तिनं 'का?' म्हणून विचारलं असतं.

पुढं एकदाचा तिचा नवरा पास झाला. नांदेडला एका दवाखान्यात लागला. गल्लीभर पेढे वाटले. सासू कितीतरी दिवसांनी माझ्या पायऱ्या चढून आली आणि म्हणाली, "आता तिला कामाची काय गरज हाय, वैनी? डॉक्टराची बायको झाली ती." मी पेढा तेवढा घेतला. मागून सून स्वतः आली आणि होस्टेलच्या चाव्या माझ्यासमोर ठेवल्या.

"मी नांदेडला जाते."

"जायला कशाला पाहिजे? नांदेड काय लांब हाय? तो सुट्टीला येत जाईल की."

"तो एकटा नीट जेवत न्हाई."

"आन् तिथं तू काय करशील?"

"काम बघीन."

मला पुष्कळ बोलायचं होतं. एवढंच म्हटलं, "इथली डाळ कमी करणार न्हाई मी." ती म्हणाली, "मी पोरींना फोन करून विचारीन." आणि गेली. मागं वळून बघायची पद्धत तिच्या देशात नसावी.

नवी रेक्टर गोड आहे. पोरी खूश, पालक खूश, मला ती दिवसातून दहादा 'काकू, तुम्ही म्हणाल तसं' म्हणते. मेसमध्ये कुणी आवाज चढवत नाही. मी वरण वाढून घेते, डावानं धार सोडून बघते आणि एकटीच जेवते.

परवा नांदेडहून एका बाईंचा फोन आला. त्यांचंही मुलींचं होस्टेल. "एक परदेशी बाई काम मागायला आली. तुमच्याकडं होती म्हणती. कशी हाय वागायला?"

मी सुटलेच. "कशी म्हणजे? जिभेला हाड न्हाई. तुम्हाला 'तू' म्हणील. तुमच्या पाव्हण्यांना दारात उभं करील. तुमच्या सैपाकाला नावं ठेवील. तुमच्या मनासारखी एक गोष्ट होऊ देणार न्हाई." आणि एकदम माझ्या लक्षात आलं. ही बाई आता तिला 'कळवते' म्हणणार, आणि ती रोज त्या दारात जाऊन उभी राहणार. मी घाईघाईनं म्हटलं, "पण घ्या तिला. विचार करत बसू नका. तुमच्या पोरी तिच्या हाताखाली जिवंत ऱ्हातील, जेवतील, एवढं मी लिहून देते. आजच घ्या."

बाई हसल्या. म्हणाल्या, "अहो, एवढी चांगली हाय तर मग तुम्ही तिला सोडलं कशाला?"

"मी कुठं सोडलं," एवढंच माझ्या तोंडून निघालं. मग मी फोन ठेवला.