आत्याचं घरगुती एक्स्चेंज

आमच्या आत्याला दोन आवाज होते. एक घरातला, जो ऐकून दूधवाला दोन पायऱ्या मागे सरकायचा. दुसरा नोकरीतला, जो ऐकून अनोळखी माणूससुद्धा आपल्या गुडघेदुखीची हकीकत सांगायला बसायचा. हा दुसरा आवाज तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कमावला होता. ऐन विशीत ती तिथं ऑपरेटर म्हणून लागली. समोर भोकाभोकांचा उंच बोर्ड आणि हातात वायरी. आत्यानं मध्ये वायर खोचल्याशिवाय या गावचा माणूस त्या गावच्या माणसाशी बोलूच शकत नसे.

"मोठमोठे साहेब माझ्या या बोटावर बोलायचे," असं म्हणून ती बोट वर करून दाखवायची, आणि आम्ही मुलं त्या बोटाकडे आदरानं बघायचो.

पुढे यंत्रं आली, वायरी गेल्या. आत्याला चौकशीच्या टेबलावर बसवलं. काही वर्षांनी ते टेबलही गेलं आणि आत्या निवृत्त होऊन घरी आली. आत्याचे यजमान होते तोवर तिचं बरं चाललं होतं. ते मुळातच ऐकणारे. ते गेले, मुलगा परदेशी नोकरीला लागला, आणि आत्यापाशी बोलायला उरले फक्त दूधवाला आणि मी. मी तिच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहते.

मुलानं तिला स्मार्टफोन पाठवला. इंटरनेटवरून पहिला कॉल आला तेव्हा मी शेजारीच होते. मुलाचा चेहरा पडद्यावर बघून आत्याचे डोळे भरून आले, पण तेवढ्यापुरतेच. लगेच तिनं उलटतपासणी सुरू केली.

"मध्ये कोण आहे?"

"कोणी नाही गं आई."

"अरे, मग जोडतं कोण?"

"इंटरनेट जोडतं."

"आणि तुटलं तर तक्रार कुणाकडे करायची?"

मुलगा म्हणाला, "आई, पण हे फुकट आहे."

"फुकट बोलणं म्हणजे फुकटचं बोलणं," आत्या म्हणाली, आणि कॉल कसा बंद करायचा ते ठाऊक नसल्यानं फोन उशीखाली सरकवून दिला. बिचारा उशीखालून बराच वेळ "आई, आई" करत होता.

असे दोन-तीन महिने गेले. मग एक दिवस तिच्या हातून चुकून कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि मुलाशी बोलता बोलता मधेच पडद्यावर मी उगवले. माझ्या डोक्याला मेंदी होती.

"तू कशी आलीस?" आत्या ओरडली.

"तूच मला जोडलंस."

"मी जोडलं?" आत्या गप्प झाली. आत्या गप्प होणं ही आमच्या घरातली मोठी घटना. मग हळूच म्हणाली, "म्हणजे अजून कुणाला जोडता येतं का?"

त्या दिवसापासून तिला पंख फुटले. आठवड्याभरात तिनं सगळी बटणं पाठ केली आणि बाजारातून डोक्यावर घालायचा भलामोठा हेडफोन आणला. खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी असतो तसला, लाल दिवे लागणारा. तो घालून ती खुर्चीत बसली की आपली आत्या विमान चालवते आहे असंच वाटायचं. भाचरं, पुतणे, जुन्या मैत्रिणी, सगळ्यांना ती एकमेकांशी जोडायला लागली. कुणाला एकमेकांशी बोलायचं आहे की नाही, असले फालतू प्रश्न तिनं कधी विचारले नाहीत.

तिची खरी ख्याती झाली ती इमारतीच्या सभेमुळे. आमची सभा म्हणजे पाण्याच्या टाकीपासून सुरू होऊन एकमेकांच्या खानदानापर्यंत पोचणारा प्रकार. चेअरमन वैतागून म्हणाले, या वेळी सभा फोनवरच घेऊ. सभा चालवायचं काम आपोआप आत्याकडे आलं. तळमजल्यावरच्या वकिलांनी नेहमीप्रमाणे "मूळ मुद्दा असा की" म्हणून सुरुवात केली. आत्यानं मोजून तीन मिनिटं ऐकलं, मग नोकरीतल्या आवाजात म्हणाली, "आपला वेळ संपला आहे," आणि त्यांचा आवाज बंद केला. वकील पडद्यावर हातवारे करत राहिले. इतके शांत ते आम्ही कधी पाहिले नव्हते. चहा निवायच्या आत सभा आटोपली. टाकी दुरुस्त करायची असा ठरावही झाला. वकिलीणबाई दुसऱ्या दिवशी येऊन आत्याला विचारून गेल्या, "ते बटण घरात नुसतं समोरासमोर चालतं का हो?"

पण आत्याच्या मनात वेगळंच शिजत होतं. माझे बाबा तिचे थोरले भाऊ आणि काका धाकटे. दोघंही गावाकडे राहायचे, पण त्यांचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. कारण काय, तर शिडी. बाबांनी हौसेनं एक लाकडी शिडी बनवली होती, घासून पॉलिश करून आरशासारखी. काकांनी ती घराच्या रंगकामाला नेली आणि परत करताना उपकार फेडायचे म्हणून तिला निळा ऑइलपेंट फासून आणली. बाबा म्हणाले, "मला विचारलं होतंस?" काका म्हणाले, "शिडीच आहे ना, नवरी मुलगी आहे का विचारायला?" झालं. त्यानंतर दोघं एकमेकांना निरोप द्यायचे ते आत्यामार्फत.

एका रविवारी दुपारी तिनं मला खाली बोलावलं. हेडफोन चढवला. बाबांना फोन लावला आणि काकांनाही त्यातच ओढलं. बाबांनी पडद्यावर धाकट्याचं तोंड पाहिलं आणि मान वळवली. काका छताकडे बघायला लागले.

"बोला, लाइन जोडली आहे," आत्या म्हणाली.

बाबा म्हणाले, "त्याला सांग, दाढी वाढवली म्हणजे अक्कल येत नाही."

काका म्हणाले, "ताई, दादाला सांग, ती न वाढवताही येत नाही."

"मी लाइनवर नाही. ऑपरेटर ऐकत नसते. एकमेकांना सांगा."

बाबांनी पुन्हा मान वळवली, काकांनी पुन्हा छत गाठलं. तेवढ्यात पंखा थांबला. इमारतीची वीज गेली, भिंतीवरचा इंटरनेटचा डबा विझला आणि पडद्यावर आत्याचा स्वतःचाच गोठलेला चेहरा राहिला, तोंड उघडं.

"गेलं! इतक्या वर्षांनी जुळत आलं होतं गं!" ती हेडफोनसकट खुर्चीभोवती गरगर फिरायला लागली. "आता दोघं फोन ठेवून देतील. आणि म्हणतील, ताईनंच मुद्दाम कापला."

मी माझ्या मोबाइलवरचं इंटरनेट तिच्या फोनला जोडायला घेतलं. घाईत पासवर्ड चुकला, मग आत्याचा चष्मा सापडेना; तो हेडफोनखाली दबलेला होता. बऱ्याच खटपटीनंतर आम्ही पुन्हा त्या कॉलमध्ये शिरलो.

कॉल चालू होता. आत्या नसतानाही चालू होता! बाबा लालबुंद होऊन ओरडत होते, "शिसवी लाकूड होतं ते, शिसवी! त्याचे रेषे दिसावेत म्हणून मी महिनाभर हात झिजवले!"

"मग तेव्हाच सांगायचंस ना दादा! मला वाटलं होतं, जुनी दिसते, वाळवी लागेल. तुझ्यासाठी चांगल्यातला चांगला रंग आणला होता मी!"

"चांगल्यातला? निळा?"

"तुला निळा आवडतो म्हणून!"

बाबा थांबले. म्हणाले, "तो शर्टात आवडतो रे, गाढवा."

आणि दोघंही हसायला लागले. काकांना तर ठसका लागला. बाबा विचारायला लागले, "औषध घेतोस का त्या खोकल्यावर?" आपल्यात आत्या परत आली आहे याचा दोघांना पत्ताही नव्हता. मी तिला खुणेनं म्हटलं, बोल की. तिनं मान हलवली, डोळे पुसले आणि बोटानं लाल बटण दाबून स्वतः बाहेर पडली.

"आपलं काम झालं की बाजूला व्हायचं," ती म्हणाली. मग घरातल्या आवाजात, "पण मेल्यांनी एकदा तरी विचारायचं ना, ताई कुठं गेली!"

आता बाबा आणि काका रोज सकाळी बोलतात, म्हणजे भांडतात. नंतर दोघंही आत्याला वेगवेगळा फोन करून दुसऱ्याच्या तक्रारी सांगतात. तिचं काम कमी होण्याऐवजी दुप्पट झालं आहे, आणि ती त्याबद्दल ज्याला त्याला रडगाणं ऐकवत असते, मोठ्या आनंदानं.

मागच्या आठवड्यात तिच्या मुलानं सांगितलं, "आई, थोड्या वर्षांनी पडदासुद्धा लागणार नाही. मी तिकडून फोन केला की तुझ्या समोरच्या खुर्चीत बसल्यासारखाच दिसेन. अख्खा!"

आत्यानं समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर न घडी केलेल्या कपड्यांचा ढीग होता, ढिगावर मांजर होती.

"फोन करायच्या आधी फोन करत जा मग," ती म्हणाली, आणि कपडे उचलायला उठली.