तीन दिवसांचं जेवण

केरळातल्या कोळंचेरीच्या एलियाम्माला खोटं बोलायची सवय नव्हती. पण दारी आलेल्या माणसाला "मी पेज पिऊन झोपते" असं सांगणं तिच्या जिभेला जमणारं नव्हतं. म्हणून म्हाताऱ्यांच्या आहाराचा अभ्यास करणाऱ्या श्रीकलाने तीन दिवसांचं जेवण लिहायला वही दिली, तेव्हा बाईंनी झकास बेत मांडला. लाल तांदळाचा भात, माशाची आंबट आमटी, शुक्रवारी खोबऱ्याचे काप घालून परतलेलं बीफ! नवरा औसेप होता, मुलगा घरात होता, तेव्हा व्हायचं अगदी तसं.

पुढच्या गुरुवारी श्रीकलाने वही वाचली, आकडे मांडले आणि खूश झाली. "अम्मच्ची, अख्ख्या पंचायतीत तुमच्याइतकं चांगलं कोणी जेवत नसेल! आता मला यायला नको. ज्यांना जेवण कमी पडतं, त्यांच्याकडेच वर्षभर दर गुरुवारी जायचंय."

एलियाम्माच्या लक्षात आलं, पुढच्या गुरुवारपासून ही येणार नाही. गेले दोन गुरुवार ही पोर ओसरीवर बसून चहा प्यायली होती. आठवड्यात समोर बसून बोलणारं तेवढंच माणूस. मुलगा कॅनडाहून रविवारी फोन करायचा, "जेवलीस ना?" विचारायचा, आणि "जेवले" म्हटलं की बोलणं संपायचं.

"पोरी, खोटं लिहिलंय मी."

श्रीकला हसली. "कमी जेवणाऱ्यांना ताकदीच्या पावडरचा डबा फुकट मिळतो कळलं, की सगळेच असं म्हणतात हं."

"जळो तुझा डबा!" म्हातारी कडाडली. "ईस्टरच्या आधीचा पन्नास दिवसांचा उपवास चाललाय आमचा. मासा नाही, मांस नाही, दुधाचा थेंब नाही. आणि मी शुक्रवारी बीफ खाईन? तू आमच्यातली नाहीस, तुला कळलं नाही, ठीक आहे. पण लिहिताना माझ्यासुद्धा ध्यानात आलं नाही बघ. इतकी रमले होते मी."

श्रीकलाचा चेहरा उतरला. "मग उपवासापुरतंच कमी खाता ना?"

"उपवास ईस्टरला सुटेल. पेज चालू आहे ती औसेप गेल्यापासून. चार वर्षं झाली. एकटीसाठी रांधायला हात वळत नाही गं."

श्रीकलाने पिशवीतून कोरा तक्ता काढला. "या सोमवारपासूनचे तीन दिवस सांगा. खरं खरं. सकाळी?"

"काळा चहा आणि एक केळं."

"सोबत कोण होतं? तेही लिहावं लागतं."

"कोणी नाही."

दुपारी पेज आणि लोणचं. सोबत कोणी नाही. रात्री दुपारचीच उरलेली पेज. कोणी नाही. मंगळवारी सकाळी पुन्हा काळा चहा, पुन्हा कोणी नाही. श्रीकलाचं पेन थांबलं. तिला वर बघवेना.

"लिही की," एलियाम्मा म्हणाली. "अजून पाच जेवणं राहिलीत."