आक्कांची बुधवारची प्रार्थना

प्रार्थना चालू असताना डोळे मिटायचे असतात, हे ख्रिस्ती घरातल्या मुलाला बोलायला येण्याआधी शिकवतात. एस्तेर आक्कांनाही शिकवलं असणार. पण त्या डोळे उघडायच्या. स्वतः प्रार्थना करताना नव्हे, दुसरा कोणी करत असताना. आणि उघडले की बोलायच्या.

माझी त्यांची पहिली गाठ अशीच पडली. मी नुकताच मिरजेहून बिऱ्हाड हलवून कोल्हापुरात आलो होतो, राजारामपुरीत गणिताचे क्लास सुरू केले होते आणि इथल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नाव घातलं होतं. मंडळीची दर बुधवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. त्या दिवशी ती सातव्या गल्लीतल्या एका फ्लॅटमध्ये होती. नव्या माणसाला मान द्यावा म्हणून पाळकांनी मला प्रार्थना करायला सांगितली. मी तयारीतच होतो. डोंगराळ भागातल्या दुर्लक्षित, दुःखाने पिचलेल्या बांधवांचे अश्रू पुसले जावेत, असं मी बऱ्यापैकी चांगल्या भाषेत मागत होतो. तेवढ्यात समोरून आवाज आला, "कोन?"

मी डोळे उघडले. साठीला टेकलेली एक काटक बाई माझ्याकडे सरळ बघत होती. बाकी सगळे डोळे मिटून शांत बसले होते. त्यांना सवय होती.

"सर, कोन दुःखी हाय? नाव घ्या."

मला कोणाचंच नाव आठवेना. शेवटी चंदगड तालुक्यात राहणारे आईचे एक लांबचे चुलतभाऊ आठवले. त्यांची बायको वर्षापूर्वी वारली होती आणि मी तेव्हा गेलो नव्हतो. मी त्यांचं नाव घेतलं आणि घाईघाईने आमेन म्हटलं. चहाचा कप हातात आला तशी ही बाई शेजारी येऊन बसली. म्हणाली, चंदगडची गाडी सकाळी सव्वासातला आहे आणि शनिवारी तुमचा क्लास नसतो. माझ्या क्लासच्या वेळा तिने माझ्या बायकोकडून आधीच काढून घेतल्या होत्या.

शनिवारी मी गेलो. चंदगडात पाऊस म्हणजे काय असतो ते मी लिहीत नाही, कारण ज्याने पाहिला नाही त्याला खरं वाटणार नाही. मामांनी विचारलं, का आलास? म्हटलं, तुमच्यासाठी प्रार्थना केली. मामा म्हणाले, "मग?" मी दिवसभर त्यांना गोठ्याच्या छपरावर प्लास्टिकचा कागद बांधायला मदत केली. येताना त्यांनी किलोभर काजू दिले आणि पुन्हा ये म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले असं मला वाटलं.

आक्का एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर. नवरा कंडक्टर होता, तो लवकर गेला आणि त्याच्या जागी ह्या लागल्या. बावीस वर्षं तिकिटं फाडली. मंडळीचा कारभार बघायला जे निवडतात त्यांना आमच्याकडे 'वडील' म्हणतात आणि बाई निवडली तरी ती वडीलच. आक्का वडील होत्या. बोलायच्याही कोल्हापुरी बायका बोलतात तशा, 'मी आलो', 'मी गेलो' असं, त्यामुळे ते पद त्यांना शोभत होतं. त्यांचा नियम एकच होता. ज्याने प्रार्थना केली त्याने जायचं. "प्रार्थना म्हंजे तिकीट हाय," त्या म्हणायच्या. "तिकीट काढून मानूस ष्ट्यांडवरच बसला तर गाडीनं काय करायचं?"

या नियमाचा आमच्या भक्तीवर फार परिणाम झाला. प्रार्थना आखूड झाल्या. 'सर्व आजारी' हा शब्दप्रयोग वर्षभरात नाहीसा झाला. 'सर्व विधवा आणि अनाथ' म्हणायची तर कोणाची छातीच नव्हती. उलट राष्ट्रपती, पंतप्रधान आणि जागतिक शांतता यांच्यासाठी मंडळी अगदी मोकळेपणाने प्रार्थना करू लागली, कारण दिल्लीला आपल्याला कोण पाठवतंय, असा हिशेब होता. आक्कांनी तीन बुधवार ऐकून घेतलं. चौथ्या बुधवारी जागतिक शांततेसाठी कळवळून प्रार्थना करणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी विचारलं, तुमच्या जिन्यात चपला कोणी ठेवायच्या यावरनं वरच्या मजल्याशी भांडण चालू आहे ते मिटलं का? ते गृहस्थ त्याच रात्री वरच्या मजल्यावर गेले. जागतिक शांतता त्यानंतर आमच्याकडे कोणी मागितली नाही.

मध्यंतरी नवे तरुण पाळक आले. त्यांनी 'आत्मिक परिपक्वता' या विषयावर सहा रविवार उपदेश केला. भिंतीवर प्रोजेक्टरने पाच पायऱ्यांचं चित्र दाखवलं. बाळासारखा विश्वासी खाली, प्रौढ विश्वासी वर. शेवटच्या रविवारी त्यांनी प्रत्येकाला आपली पायरी ओळखायला सांगितली. सगळ्यांनी तिसरी सांगितली. दुसरी सांगायला लाज वाटत होती आणि चौथी सांगणं नम्रतेत बसत नव्हतं. आक्कांची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी कुठल्या पायरीवर हाय त्ये माझ्या शेजारच्या बाईला इचारा. मला काय ठावं?" मग पाळकांचं तोंड उतरलेलं बघून त्यांनी समजूत घातली, "पाळकसाहेब, आंबा एकटा पिकत न्हाई. आढीत घातला की समदे मिळून पिकत्यात." कोणीतरी मागून विचारलं, आणि आढीत एखादा नासका असला तर? आक्का म्हणाल्या, "वास आला की पयला सोताचा घिऊन बगावा."

आता माझ्या भांडणाकडे येतो. ते सांगितल्याशिवाय आक्का पुऱ्या होत नाहीत.

शमुवेल हा आमच्या गायनवृंदाचा प्रमुख. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लेथवर काम करतो आणि आवाज असा की चर्चच्या काचा हलाव्यात. मी त्याच्या शेजारी उभा राहून खालच्या पट्टीत गायचो. कोल्हापुरात मला पहिला मित्र मिळाला तो हाच. नाताळच्या आधी आमची मुलं टेम्पोत बसून घरोघरी गाणी म्हणत फिरतात, पुढे शमुवेल असतो. ज्या घरी फेरी संपते ते घर सगळ्यांना जेवायला घालतं. तो मान मिळायला वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. त्या वर्षी तो आम्हाला मिळाला. बायकोने तीस माणसांचं मटण केलं, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकऱ्यांची चळत. गॅलरीत नाताळचा तारा लावला. कोणी आलं नाही. फेरी दुसरीकडेच जेवून मोडली होती, असं सकाळी कळलं. बायकोने शमुवेलच्या घरी फोन केला आणि तो आमच्या खालच्या दुकानदारानेही सविस्तर ऐकला. शमुवेल फोनवर एवढंच म्हणाला, "चुकलं माझं." का चुकलं ते सांगेना. आम्ही चार दिवस रस्सा खाल्ला. पाचव्या दिवशी मी गायनवृंद सोडला.

तीन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. तो चर्चमध्ये उजवीकडे बसायचा म्हणून मी डावीकडे. त्याची मुलगी माझ्या क्लासला होती, माझ्याकडेच गणितात पास झाली. तिच्या लग्नाला मी गेलो नाही. मंडळीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि बुधवारी कोणी त्यावर चकार शब्द काढत नव्हतं. आमच्या समेटासाठी जो प्रार्थना करेल त्यालाच मध्यस्थी करायला जावं लागेल, आणि माझ्या बायकोचा फोन सगळ्यांच्या कानावर आला होता. मला नवल वाटायचं ते आक्कांचं. लोकांच्या जिन्यातल्या चपलांची खबर ठेवणारी बाई माझ्या बाबतीत एकदाही डोळे उघडत नव्हती. मी मनात म्हणायचो, माझीच बाजू बरोबर आहे हे त्यांनाही पटलेलं दिसतंय.

यंदा उन्हाळ्यात आक्कांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी कापाकापी नको म्हणून सांगितलं, याचा अर्थ त्या आमच्या आधी समजल्या. मग बुधवारची सभा त्यांच्याच दोन खोल्यांत भरू लागली. त्या खाटेवर, आम्ही खाली चटईवर. एका बुधवारी पाळकांनी मला प्रार्थना करायला सांगितली. मी आक्कांना आरोग्य मिळावं म्हणून मागू लागलो आणि त्यांचा आवाज आला, "सर, थांबा. आता मी करतो."

मी डोळे उघडून बघितलं. त्यांनी मात्र मिटले होते.

"प्रभू, त्या नाताळात पोरं सरांच्या घरी गेली न्हाईत ती शमुवेलमुळं न्हाई, माझ्यामुळं. मी टेम्पोत हुतो. मंडळीतल्या देवदानची बायकू वारून म्हैना झाल्ता. यादीत त्याचं घर न्हवतं, तरी बी त्यानं एकट्यानं पातेलंभर खिचडी करून दार उघडं ठेवलं हुतं. मी पोरास्नी तितं जेवाय बसवलं. सकाळी सरास्नी मी सांगतो, आसं शमुवेलला म्हनलो. न्हाई सांगितलं. आमेन."

कोणीतरी सवयीने आमेन म्हणालं. मी विचारलं, का नाही सांगितलंत? त्यांनी डोळे उघडले.

"भ्यालो. बावीस वर्सं येस्टीत काढली, दारू पिऊन चढल्याली मानसं उतरवली. तुमच्या बायकोला भ्यालो. मग जसं दिस गेलं तसं आनि अवघड झालं." माझी बायको तिथेच चटईवर बसली होती, ती चटईकडे बघू लागली. आक्का पुढे म्हणाल्या, "प्रार्थना मी केली, जायाला मी पायजे. पर मला उठवत न्हाई. माझ्या बदली शमुवेलकडं जावा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. शमुवेलची रात्रपाळी होती, तो घरी होता. त्यानेच दार उघडलं. मी म्हटलं, आक्कांनी पाठवलंय. "सांगितलं व्हय त्यांनी?" असं म्हणून तो बाजूला झाला आणि मी आत गेलो. त्याच्या बायकोने काही न विचारता ताट वाढलं. वांग्याची भाजी आणि भाकरी होती. मटण नव्हतं, आणि ते योग्यच होतं. मुलीच्या लग्नाला आलो नाही ते चुकलं, हे मी भाकरी मोडता मोडता सांगितलं. शेवटी मी विचारलं, तीन वर्षं गप्प का बसलास?

"सांगितलं आसतं तर तुमी आक्कांशी बोलायचं बंद केलं आसतं," तो म्हणाला. "माझ्याशी न्हाई बोलला तर मंडळीचं काय अडत न्हवतं. त्यांच्याशी न्हाई बोलला आसता तर तुमीच मंडळीत राहिला नसता."

मी ताटातली भाजी संपवली. पाच पायऱ्यांचं ते चित्र तिथे असतं तर मी माझी पायरी बरोबर सांगितली असती.

त्या रविवारी दुपारी पाळक आक्कांच्या घरी प्रभुभोजन घेऊन गेले आणि आम्हा दोघांना बरोबर घेतलं. वाटेत त्यांनी सांगितलं की तीन वर्षं आक्कांनी प्रभुभोजन घेतलेलं नाही. ज्याचा अपराध केला त्याच्याशी समेट केल्याशिवाय ते घेऊ नये, असं आमच्यात मानतात. प्रभुभोजनाच्या रविवारी त्या लहान मुलांना घेऊन चर्चच्या अंगणात बसायच्या. आम्हाला वाटायचं, मुलांचा त्रास नको म्हणून बसतात.

पाळकांनी खाटेजवळच्या स्टुलावर भाकर आणि द्राक्षरसाची पेली मांडली. आक्कांनी हात पुढे केला नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"सर, माफ केलासा काय?"

मी म्हटलं, प्रभू सगळ्यांना क्षमा करतो, आक्का.

"प्रभूचं प्रभू बगंल. तुमचं सांगा."

"केली," मी म्हणालो. ते खोटं होतं. मला त्यांचा राग आला होता, मरणाला टेकलेल्या माणसाचा येऊ नये इतका आला होता. माझी तीन वर्षं गेली होती, एक मित्र गेला होता, गाणं गेलं होतं, आणि ज्या बाईने मला पावसात चंदगडला धाडलं होतं तिला राजारामपुरीतले दोन जिने चढून माझ्या दारात यायला जमलं नव्हतं. आक्कांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. तिकीट न काढलेला माणूस त्यांना न विचारता कळायचा.

"बरं," त्या म्हणाल्या. "निघालासा तरी." आणि त्यांनी भाकर घेतली.

नऊ दिवसांनी त्या गेल्या. दफनाच्या वेळी मी गायनवृंदात परत शमुवेलच्या शेजारी उभा राहून खालच्या पट्टीत गायलो आणि दोनदा चुकलो. मातीचं पहिलं ढेकूळ टाकतानासुद्धा थोडा राग माझ्यात शिल्लक होता. त्याची मला लाज वाटत होती, पण तो होता.

तो राग गेला तो दोन महिन्यांनी. काही विशेष घडलं नाही. एकदा क्लासमध्ये फळा पुसताना आक्कांची आठवण आली आणि नुसती त्यांची आठवण आली, बाकी काही आलं नाही. त्या असत्या तर त्याच दिवशी जाऊन सांगितलं असतं. त्या नव्हत्या, म्हणून संध्याकाळी गायनवृंदाच्या सरावाला गेल्यावर शमुवेलला सांगितलं, की आक्कांना केलेली क्षमा आज पुरी झाली, दोन महिने लागले.

शमुवेल गाण्याची वही चाळत होता. त्याने वर बघितलं.

"दोनच?" तो म्हणाला. "मला वरीस लागलं हुतं."