मण्याच्या पोटातला कण

समजा, तुम्हाला चांदीचा एक पोकळ मणी करायचा आहे. पातळ पत्र्याच्या दोन इवल्या वाट्या तुम्ही तोंडाला तोंड लावून तारेनं बांधल्यात आणि फुंकणीची ज्योत त्यांच्यावर फिरवताय. झाळ, म्हणजे वाट्या जोडणारा डाख, वितळून सांध्यात धावते तो क्षण आणि वाट्याच वितळून गोळा होतात तो क्षण, या दोहोंमध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. त्यात मण्याला सुईएवढं भोक ठेवायला विसरलात, तर आतली तापलेली हवा सांधा फोडून बाहेर येते आणि अख्खी सकाळ वाया जाते.

भिंगबाईच्या अशा पुष्कळ सकाळी वाया गेल्या, तेव्हा कुठे तिचा हात बसला. गळ्यात सदानकदा भिंग, म्हणून गल्लीनं हे नाव पाडलेलं. जुन्या घडणीचे दागिने ती नव्यानं करते. मग गंधकाच्या पाण्यात बुडवून काळपट करते आणि फक्त उंचवटे पुसून उजळते, की कालचा दागिना दोन पिढ्यांनी वापरल्यासारखा दिसतो. नवरा म्हणतो, जग जुन्याचं नवं करतं, आमच्या घरी सगळं उफराटं.

एकदा एका नर्सनं तिला आपल्या आईचा डूल आणून दिला. लोंबता, खाली पोकळ मणी असलेला. जोडीतला दुसरा आईच्या शेवटच्या आजारपणात कुठेतरी पडला होता. तसाच एक नवा हवा होता. धाकटी बहीण कायमची दूरदेशी निघाली होती. आईचा डूल तिला द्यायचा आणि नवा आपण ठेवायचा, असं नर्सनं ठरवलं होतं. भिंगबाई एरवी आपल्या प्रत्येक दागिन्यामागे बारीकसा ठिपका ठोकते. पण नर्स म्हणाली, ठिपका नको, कधी दोघी शेजारी बसलो तर जोड वाटू दे. भिंगबाई विरघळली.

डूल न्यायचा दिवस आला. रंग ताडून बघायला भिंगबाईनं दोन्ही डूल एका बशीत ठेवले आणि दार वाजलं म्हणून उठली. तिची नणंद मदतीला बसायची. काम उरकण्यात नणंदेचा हात कोणी धरला नसता. तिनं बशीत होतं ते सगळं गंधकाच्या पाण्यात सोडलं, धुतलं, पुसलं आणि फडक्यावर मांडून ठेवलं.

भिंगबाई परत आली आणि बघतच राहिली.

"वन्सं, यातला जुना कुठला?"

नणंदेनं चष्मा वर सरकवला. "म्हणजे? दोन्ही नवेच नव्हते?"

भिंगबाईनं दोन्ही डूल हातात घेतले. तिनं भिंग लावलं. जुन्या आकड्याची झीज, मण्यावरचा पोचा, सगळं तिनं नव्यात हुबेहूब उतरवलं होतं. काट्यावर दोघांचं वजन सारखं भरलं. परवा याच गोष्टीवर ती स्वतःवर खूश झाली होती. नणंद म्हणाली, द्यायचा कुठलातरी एक, कोणाला कळतंय. तुम्ही तोंड शिवून बसा, मीही बसते.

भिंगबाईला मोह झाला नाही असं नाही. पण नर्स येऊन समोरच्या स्टुलावर बसली, बहीण पहाटेच निघणार आहे म्हणाली, आणि भिंगबाईच्यानं राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं.

नर्सचा चेहरा उतरला. तिनं एक डूल कानाशी नेऊन हलवला. मग दुसरा.

"आईचा वाजायचा, ताई. तिच्या खांद्यावर डोकं टेकलं की आत टिकटिक ऐकू यायची. आता दोन्ही मुके झालेत."

आवाजाचं भिंगबाईला ठाऊकच नव्हतं. ज्योतीच्या फुसफुशीत तिला तो कधी ऐकूच आला नव्हता. पण भोक तिला ठाऊक होतं. भोकातून पाणी शिरलं असणार, आणि आत काही कण असलाच तर तो ओला होऊन कडेला चिकटला असणार. तिनं दोन्ही डूल कोमट पत्र्यावर ठेवले. दूध उतू जायची वाट बघावी तशा तिघी वाकून बसल्या.

मणी वाळल्यावर नर्सनं पहिला हलवला. काही नाही. दुसरा हलवला, आणि तिनं डोळेच मिटले.

"हा."

भिंगबाईनंही कान लावला. टिक. अगदी बारीक. तिला हसू आलं. नणंद म्हणाली, आता मला कुणीतरी चहा द्या, मी काही तो करायला उठत नाही. आईचा डूल नर्सनं वेगळ्या डबीत ठेवला आणि डबी मुठीत घट्ट धरली. जाताना दारातून वळून म्हणाली, माझ्या डुलातही असा आवाज घालता येईल का हो?

येईल म्हणून भिंगबाईनं नवा डूल ठेवून घेतला. मणी उघडला. पण आता दोन्ही वाट्या समोर उघड्या पडल्यात आणि ती हात आवरून बसली आहे. झाळेचा तुकडा असा मण्यात राहिला, तर तिच्या लेखी ती चूक. ती तो हलवून बाहेर पाडते. मग त्या जुन्या कारागिराच्या हातून तो कण चुकून आत राहिला, की वाट्या मिटण्याआधी त्यानं तो मुद्दाम टाकला?