सल्लागारांची पगडी

मी आटगाव स्टेशनावर तिकिटं द्यायचो, तेव्हा दर सोमवारी कल्याणहून येणाऱ्या गाडीतून एक गृहस्थ उतरत. जवळच्याच एका लहान संस्थानाच्या राजाचे ते थोरले सल्लागार. मोटार यायला उशीर झाला की माझ्या खिडकीपाशी थांबत, मान तिरकी करून माझी सगळी बडबड ऐकून घेत आणि "असं होय!" एवढंच म्हणत. विचारल्याशिवाय त्यांनी कधी मत दिलं नाही.

एरवी डोक्यावर काळी टोपी असे. एखाद्या सोमवारी मात्र लाल पगडी दिसे. मग आमचा हमाल हळूच म्हणे, "आज राजाला नाय म्हननार!"

एकदा मी धीर करून विचारलंच. ते म्हणाले, "हो म्हणायला टोपी पुरते. नाही म्हणायचं, तर दरबाराचा मान राखूनच म्हणावं."

संस्थानं विलीन व्हायच्या दिवसांत राजेसाहेब सही करायला तयार नव्हते. मला वाटलं, हेही सहीचा आग्रह कशाला धरतील? संस्थान गेलं की यांचं पदही गेलंच. पण त्या सोमवारी ते पगडी घालून उतरले. संध्याकाळी परतले, तेव्हा डोक्यावर टोपी होती आणि पगडी पंच्यात गुंडाळून काखेत धरलेली.

"राजेसाहेबांनी सही केली," ते म्हणाले.

"आणि तुमची नोकरी?"

"तीही तिथेच संपली."

हमालाने गाठोड्याकडे बोट दाखवलं. "आता हिचं काय करनार, रावसाहेब?"

ते हसले. "जपून ठेवतो. नव्या सरकारलाही कधीतरी नाही म्हणावं लागेलच."