मंगळवारचं ताट

माझ्या वडिलांना देवाचा राग होता. नुसता अविश्वास नव्हे, राग. देव नाही असं ज्याला खरंच वाटतं तो देवळावरून निवांत चालत जातो. बाबा देऊळ दिसलं की स्कूटरचा वेग वाढवायचे. ते इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना भौतिकशास्त्र शिकवत आणि घरी, चिक्कडपल्लीतल्या आमच्या तीन खोल्यांत, जेवताना रोज एक जादा तास घेत. विषय ठरलेला, आईची देवी. "सर्वशक्तिमान आहे ना तुझी तुळजाभवानी? मग दिवा कशाला लागतो तिला, अंधारात दिसत नाही?" आई वाढत असायची. ती म्हणायची, "भाजी घ्या." मला ते तिचं हरणं वाटायचं आणि खरं सांगायचं तर मजाही वाटायची, कारण मी बाबांच्या बाजूची होते.

मी आठवीत असताना त्यांनी खिडकीच्या गजाला दोरा बांधला, त्याला एक कुलूप लटकवलं आणि मला त्या लोलकाची वीस आंदोलनं मोजायला बसवलं. दर वेळी वेळ थोडा वेगळा यायचा. चौथ्या खेपेला मी कंटाळले आणि तिसऱ्या खेपेचाच आकडा खाली उतरवून ठेवला. बाबांनी वही बघितली आणि त्या ओळीवर लाल शाईची रेघ मारली. "चुकलेलं रीडिंग चालेल," ते म्हणाले, "बनवलेलं चालणार नाही." कॉलेजातही ते यासाठी कुप्रसिद्ध होते. उत्तर पुस्तकात बघून मागे मागे जात आकडे भरणारी पोरं त्यांना नेमकी सापडायची. खरे आकडे जरा इकडेतिकडे पांगलेले असतात, बनवलेले शहाण्यासारखे रांगेत उभे राहतात, असं ते सांगत. पोरं त्यांना शिव्या घालत. मला त्यांचा अभिमान होता.

पुढे मी एम.एस्सी.ला गेले, अर्थातच भौतिकशास्त्राला. पहिल्याच वर्षी एका प्रयोगाची रीडिंग जुळेनात. तीन आठवडे मी एकच यंत्र घेऊन बसले होते. शेवटी प्रयोगशाळेतल्या सरांनी मागच्या वर्षीची एक वही माझ्यापुढे टाकली. "इसमें से देखके फिट कर लेव अम्मा. कायकू टाइम खराब करते?" आजूबाजूला पाहिलं तर सगळ्यांकडे असल्याच वह्या होत्या. घरी आल्यावर बाबा दोन दिवस त्या सरांच्या नावानं खडे फोडत होते. मला मात्र राग त्या सरांचा आला नव्हता. उत्तर आधीच माहीत असताना आपण इथं नेमकं काय शोधतोय, हा प्रश्न पडला होता आणि तो जाईना.

त्याच सुमारास एकदा प्रयोगशाळेतली वीज गेली म्हणून मी मैत्रिणीबरोबर तत्त्वज्ञानाच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. शिकवणाऱ्या बाई निवृत्तीला आल्या होत्या आणि त्यांचा आवाज घोगरा होता. दोन मुलं देवावरून हमरीतुमरीवर आली होती. बाईंनी त्यांना थांबवलं. "आपण चुकलो हे तुम्हाला कशानं पटेल? आधी ते सांगा, मग भांडा." दोघांनाही सांगता येईना. मी त्या दिवशी बसमध्ये उभ्यानं घरी येताना ठरवून टाकलं की मला या बाईंच्या वर्गात बसायचंय.

अभ्यासक्रम बदलण्याचा एक फॉर्म होता. त्यावर पालकांची सही लागत होती आणि बरोबर सगळे मूळ मेमो, म्हणजे दहावीपासूनच्या गुणपत्रिका. त्या बाबांच्या लोखंडी कपाटात होत्या आणि किल्ली त्यांच्या जानव्याला असती तर शोभली असती, पण जानवं त्यांनी केव्हाच काढून टाकलं होतं. किल्ली खिशात असायची.

"तत्त्वज्ञान?" बाबा म्हणाले. "म्हणजे देवाचं मागचं दार. पुढून हाकललेला मागून आत घेता तुम्ही लोक."

"तिथं देव असतोच असं नाही."

"मग काय असतं? एका तरी प्रश्नाचं उत्तर सापडलंय का तुमच्यात आजवर?"

"उद्या सूर्य उगवेल हे तुम्हाला कसं माहीत?"

"आजवर रोज उगवला म्हणून."

"आजवर उगवला म्हणून उद्या उगवतो, हे कशावरून?"

बाबा म्हणाले, "भाजी घे." आई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. ती हसत होती हे आम्हा दोघांनाही कळलं, आणि त्यानंतर बाबांनी जे धरलं ते सोडलंच नाही. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. मीही काही कमी नव्हते. मी त्यांना ढोंगी म्हटलं, अर्धवट म्हटलं, इंटरच्या पोरांपुढेच तुमची हुशारी चालते असंही म्हटलं. त्यांनी मला भिकेचे डोहाळे लागलेत असं सांगितलं. मला जिंकायचं होतं आणि जिंकताना त्यांना लागावं असंही वाटत होतं.

फॉर्मची मुदत संपायला चार दिवस होते तेव्हा मी बाईंचा तो प्रश्न घरात टाकला. "आपण चुकलो हे तुम्हाला कशानं पटेल?"

"असले प्रश्न रिकामटेकडे विचारतात," बाबा म्हणाले. "मी चुकलेलो नाही."

आई लसूण सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मला देवीनं सांगितलं तर पटंल. कायको रोज उठून भांडायलेत? चिठ्ठ्या टाका."

आमच्या घरात हे जुनं होतं. एखादी गोष्ट अडली की दोन चिठ्ठ्या लिहून देवीच्या टाकापुढे वाटीत ठेवायच्या, डोळे मिटून एक उचलायची. आत्याचं लग्न असंच ठरलं होतं. बाबांनी या प्रकाराची आजवर फक्त टिंगल केली होती. त्या दिवशी ते म्हणाले, "टाका. मी लिहितो चिठ्ठ्या."

मी हो म्हटलं. याचं मला आजही नवल वाटतं, म्हणजे माझ्या मूर्खपणाचं. मी हिशेब केला की देवी असो नसो, शक्यता निम्मी-निम्मी आहे आणि बाबांच्या मर्जीवर सोडलं तर तेवढीही नाही. आईनं विचारलं, "जे निघंल ते दोघंबी मानणार ना?" आम्ही दोघांनी मान डोलावली.

रविवारी सकाळी आई न्हाऊन आली, तिनं टाकाला कुंकू लावलं, डोळे मिटून चिठ्ठी उचलली आणि उघडून माझ्या हातात दिली. भौतिकशास्त्र. बाबा वर्तमानपत्र वाचत होते, ते वाचतच राहिले. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तिच्या मनात हाय तर चांगलंच होईल बघ." मला रडू आलं, पण मी ते मानलं. निम्म्याची बाजी होती आणि मी हरले होते.

वाटीतली फुलं आणि उरलेली चिठ्ठी निर्माल्याच्या पिशवीत टाकून ये, असं आईनं सांगितलं. जिन्यात मी ती चिठ्ठी उघडली. कसलाही संशय नव्हता मला. माझा विषय बाबांच्या अक्षरात एकदा लिहिलेला बघायचा होता, एवढंच. आत भौतिकशास्त्र लिहिलं होतं.

बाबा दर रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायला जात, त्या दिवशीही वर्तमानपत्र संपवून ते गेले होते. मी फॉर्म पिशवीत घातला आणि रिक्षा करून तिथं गेले. पुस्तकांच्या एका ढिगापाशी ते उकिडवे बसले होते. मी ती चिठ्ठी त्यांच्या उघड्या पुस्तकावर ठेवली.

त्यांनी ती बघितली आणि मग इकडेतिकडे बघितलं. "हळू बोल."

"मी अजून बोललेच नाही."

"हातातली गोष्ट मी असल्या खेळावर सोडीन असं वाटलं तुला?"

"मग नाही म्हणायचं होतं. देव नाही ना? मग घाबरलात कुणाला?"

"निम्म्या शक्यतेला," बाबा म्हणाले. जसं उत्तर ते वर्गात द्यायचे, तसंच दिलं.

"हे बनवलेलं रीडिंग आहे," मी म्हटलं. माझा आवाज फुटला होता. "तुम्ही रीडिंग बनवलंत, बाबा."

पुस्तकवाल्यानं विचारलं, "क्या हुआ साब, बच्ची कायकू रोरी?" बाबा म्हणाले, "कुछ नै." मग मला म्हणाले, "जा, सांग आईला." त्यांना खात्री होती की मी सांगणार नाही. आईच्या श्रद्धेला धक्का लावण्याची हौस त्यांची होती, माझी नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या खात्रीचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. मी पिशवीतून फॉर्म काढला. "सही करा. मेमो द्या. मग नाही सांगणार." त्याच पुस्तकावर फॉर्म ठेवून त्यांनी सही केली.

असा सौदा करून मी तत्त्वज्ञानाला गेले. आईला एवढंच सांगितलं की मी विषय बदलतेय. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी नजर ताटातून वर उचलली नाही. "देवीनं सांगितल्यावर?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "माझा विश्वास नाही." ती माझ्यावर ओरडली नाही. पुढच्या मंगळवारपासून तिनं दर मंगळवारचा उपास धरला. चहा आणि दूध, दुसरं काही नाही. "पोरीनं शब्द मोडला," ती शेजारणीला सांगत होती. "तिला नाही कळत. घरातल्या कुणीतरी पाळाया पाहिजे."

त्याला चौदा वर्षं झाली. मला नोकरी लागली, मी वेगळी राहू लागले. माझ्या कॉलेजला मंगळवारी सुट्टी असते म्हणून मी मंगळवारीच दुपारी जेवायला जाते. आई आम्हाला वाढते आणि भिंतीला टेकून बसते. बाबांनी जेवताना देवीची टिंगल करणं बंद केलं आहे. मंगळवारी ते मान खाली घालून पटापट उरकतात. त्यांची मला दया आली नाही. सुरुवातीला वाटायचं, पुढच्या महिन्यात सांगू. मग वाटायला लागलं की आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं हेही सांगावं लागेल. दर वर्षी पहिल्या तासाला मी माझ्या विद्यार्थ्यांना बाईंचा तो प्रश्न विचारते आणि त्या दिवशीही मला आईची आठवण येते, पण तास संपला की मी डबा खाते.

या वर्षी आई सुलतान बाजारात कापडाच्या दुकानाच्या पायरीवर चक्कर येऊन बसली. मंगळवारच होता. दुकानदारानं साखर भरवली आणि मला फोन केला. डॉक्टरीण तेलुगू होती. तिनं आईचा हात धरून सांगितलं, "अम्मा, उपवासं वद्दु," आणि मग बाबांना आणि मला बाहेर बोलावून बजावलं की मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना असा उपास म्हणजे जिवाशी खेळ आहे. आईनं ऐकून घेतलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "तिला काय माहीत. आमचा शब्द मोडलेला हाय."

पुढच्या मंगळवारी मी गेले तेव्हा आईनं नुसता चहा घेतलेला होता. बाबा मला गॅलरीत घेऊन गेले. "तू सांग तिला," ते म्हणाले. "तुझं ती मनाला लावून घेणार नाही."

"चिठ्ठी तुमच्या अक्षरात आहे."

"इतक्या वर्षांनी तुला हे जिंकायचंय?"

"हो," मी म्हटलं. खरंच जिंकायचं होतं.

ते आत गेले. आई मेथी निवडत होती. बाबा तिच्यासमोर खुर्चीवर बसले आणि त्यांनी एका दमात सांगून टाकलं की दोन्ही चिठ्ठ्या सारख्याच होत्या, त्यांनीच तशा लिहिल्या होत्या.

आईचे हात थांबले नाहीत. "दोन्ही?"

"दोन्ही."

"तुमचा कधी विश्वासच नव्हता," ती म्हणाली. "तुमच्या लेखी तो दगडच होता. जाऊ द्या." मग तिनं मेथी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे वळली. "तुला कधी कळलं?"

मला तिला खोटं सांगता आलं असतं. बाबा काही बोलले नसते. "त्याच दिवशी," मी म्हटलं.

"मी पैला उपास धरला तवा तुला माहीत होतं."

"हो."

"आन दर मंगळवारी माझ्यासमोर बसून जेवलीस."

ती उठली, हात धुतले, मांडणीतून एक ताट काढलं. एकच. आम्ही दोघं टेबलाशी बसलेलो होतो. तिनं भाकरी घेतली, वरण घेतलं, भाजी घेतली, लोणच्याची फोड घेतली आणि भिंतीला टेकून तिच्या नेहमीच्या जागेवर बसून जेवायला लागली. सावकाश, प्रत्येक घास नीट चावून. बाबा घसा खाकरून म्हणाले, "तू तरी सांगायचं होतंस मला, उपास याच्यासाठी धरतेस म्हणून." काय बोलतोय हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. ती 'भाजी घ्या' म्हणेल म्हणून आम्ही दोघं वाट बघत बसलो, आणि ती म्हणाली नाही.